मागचे दिवे

गाडी एकोणसाठ सालची, सहा व्होल्टची.
रंग निळा, असं नोंदणीचं पुस्तक म्हणतं.
नोव्हेंबरात लाकडं वाहणारा एक ट्रक
माझ्या मागे इतका जवळ येऊन थांबला
की आरशात नुसती त्याची जाळी दिसली.
चालक उतरून आला. शिवी दिली नाही, तेच जास्त लागलं.
म्हणाला, "ब्रेक दाबतोस तेव्हा मागे काय पेटतं? सिगारेट?"

म्हणून दिवे बदलायचे ठरले.
यॉएल, बहिणीचा नातू, तांत्रिक शाळेत दुसऱ्या वर्षाला,
नखांत ग्रीस, कानात काहीतरी वाजत असलेलं,
मला शिकवू लागला:
लाल काचेमागे लालच एलईडी.
पांढरा घातलास तर गुलाबी दिसेल, केकवरच्या साखरेसारखा.
खाचा बघून बसव, एक वर, एक खाली. जबरदस्ती नको.

बल्बच्या खोबणीत साठ-पासष्ट हिवाळ्यांचा गंज.
सँडपेपर गुंडाळून मी बोट आत फिरवलं,
आईविना वासराला चोखायला शिकवताना फिरवतात तसं.

मग इंडिकेटर.
लावला, तर पेटला आणि पेटलेलाच राहिला.
जुना रिले तारेच्या तापण्यावर चालायचा,
आणि या नव्या बल्बांना भूकच नाही,
घोटभर करंट पितात, तार तापणार कशी.
नवा रिले आला. बोटाच्या पेराएवढा. मुका.
जुन्याची टिकटिक मी खिशात ठेवली आहे.
म्हणजे रिले ठेवलाय.

गुरुवारी लेम्पीकडे जातो. ती नदीपलीकडे, फिनलंडात.
तोर्ने गोठली की फांद्या रोवून
बर्फावर रस्ता आखतात.
तिकडे घड्याळ तासभर पुढे, त्यामुळे
जाताना मी नेहमी उशिरा पोचतो,
आणि परत येतो तो निघालो त्याच्याही आधी.

लेम्पी अठ्ठ्याऐंशीची. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
दुसऱ्याला ती हात लावू देत नाही.
मी निघालो की खिडकीत उभी राहते.
"नदीच्या मध्यावर तू विझायचास," तिने परवा सांगितलं.
"मग मी शंभर आकडे मोजायची,
तू पोचलास असं धरायची
आणि दारावरचा दिवा बंद करायची."

किती वर्षं, ते मी विचारलं नाही.

नव्या दिव्यांच्या पहिल्या गुरुवारी तिचा फोन:
"काठापर्यंत दिसलास! डावीकडे वळलास तेही दिसलं!
शेवटी दिवे लावलेस रे बाबा."

दुसऱ्या गुरुवारी भुरभुर बर्फ.
चाकांनी उडवलेला भुगा मागच्या काचांवर बसत गेला.
जुना बल्ब तापायचा. यॉएलच्या भाषेत, वीज वाया घालवायचा.
त्या वाया गेलेल्या उबेनं
काचेवरचा बर्फ आपोआप ओघळायचा.
हा नवा थंड. आत झगमगतोय
आणि बाहेर बोटभर पांढरं.
पुढे बसलेल्याला काय कळतं?
घरी आलो, सौनात गेलो, जेवलो,
बूट सुकत लावले, पडदा ओढायला खिडकीशी गेलो
तर पलीकडे तिचा दारावरचा दिवा अजून चालू.
तिच्या घड्याळात बारा वाजून गेलेले.

पहिल्याच घंटीला फोन उचलला.
"पाच हजारांपर्यंत आले होते," म्हणाली.
मग बरंच काही फिनिशमध्ये,
जे मला नीट कळतं
आणि इथे लिहीत नाही.

यॉएल म्हणतो, काच तापवायची तार मिळते,
सहा व्होल्टला जमवू काहीतरी.
जमवेल तो. तोवर
नदीच्या मध्यावर गाडी थांबवतो,
इंजिन चालूच ठेवून उतरतो,
हातमोज्यानं काचा पुसतो, आधी डावी.
पायाखाली बर्फ कुठेतरी लांबवर कण्हतो.
इथे आठ वाजले की नऊ, सांगता येत नाही.
मोजा लाल होतो, बाही लाल होते.
तिला तिकडून दिसत असेल:
एक दिवा गेला. आला.
मग दुसरा.